आठाचं पाऊण

मला फोनवर बोलायला आवडत नाही. समोरच्याचं तोंड दिसत नाही, आणि माझा स्वभाव असा की जे दिसत नाही तिथे मी हमखास काहीतरी वाईटच धरून चालतो. त्या दिवशी तेलगावच्या वस्तादांना फोन लावण्याआधी मी दोनदा चहा घेतला, हात धुतले, मग उगाच एका ट्रॅक्टरचा नट आवळून ते परत काळे केले. चार वर्षं आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नव्हतो. आणि आता बोलायचं होतं ते एका प्लगच्या फटीबद्दल.

वस्तादांकडे मी नऊ वर्षं काम शिकलो. तेलगावात रस्त्याच्या कडेला त्यांचं गॅरेज. उसाचा हंगाम आला की दारात ट्रॅक्टरांची रांग लागायची, त्यामुळे पोट डिझेलवर चालायचं, पण वस्तादांचा जीव पेट्रोलवर. तरुणपणी ते पुण्यात एका गॅरेजात होते आणि तिथे शर्यतीच्या गाड्या तयार व्हायच्या. त्या दिवसांबद्दल ते फारसं बोलत नसत. पण एखादं पेट्रोल इंजिन दारात आलं की त्यांचा चेहरा खुलायचा. बोनेट उघडायच्या आधी दोन मिनिटं नुसते उभे राहून ऐकायचे. तेव्हा मला वाटायचं, गिऱ्हाइकावर छाप पाडायचा हा प्रकार आहे. पुढे माझं गॅरेज झाल्यावर कधीतरी लक्षात आलं की मीही तसाच उभा राहतो.

आमचं भांडण झालं असं लोक सांगतात. खरं तर ते मी एकट्यानेच केलं. एका पुढाऱ्याची जुनी पेट्रोल जीप इंजिनकामाला आली होती, वडिलांच्या काळची, जिवापाड जपलेली. पुढारी खुर्ची घेऊन दारातच बसले आणि वस्तादांना म्हणाले, "तुमी सोता हात लावणार का ह्या गड्यावर सोडणार? झालाय का ह्यो तयार?"

मी कोपऱ्यात व्हॉल्व्ह घासत होतो. वस्तादांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "पाऊण झालाय."

पुढारी खो खो हसले. पुढारी हसल्यावर त्यांच्याबरोबरची चार माणसं हसणारच. मी मान खाली घालून व्हॉल्व्ह घासत राहिलो, गरज नव्हती तरी. नऊ वर्षं घासूनपुसून शेवटी पाऊण, आणि तेही चारचौघांत. त्याच आठवड्यात मी घरच्या शेतीचं कारण सांगितलं आणि नांदूरघाटला परत आलो. वस्ताद थांब म्हणाले नाहीत. ते मला त्या शब्दापेक्षा जास्त लागलं.

गावात मी पोचायच्या आधी माझं नाव पोचलं होतं. पुढाऱ्याच्या ड्रायव्हरची सासुरवाडी आमच्या शेजारच्या गल्लीत, त्यामुळे ते व्हायचंच होतं. केजकडे जाणाऱ्या रस्त्यावर मी पत्र्याची शेड टाकली, वर लाल अक्षरात गॅरेजचं नाव रंगवून घेतलं. पण पत्ता सांगताना लोक म्हणत, "त्या पाऊण मिस्त्र्याकडं जावा." मी दारात हसून घ्यायचो आणि घरी जाऊन भाजीला मीठ जास्त झालं म्हणून ताट सरकवायचो. बायको शांतपणे ताट परत पुढे करायची. म्हणायची, "पुरं झालात की सांगा, पेढे वाटते."

तर त्या प्लगवाली गाडी आली ती थंडीत. तिचा मालक पुण्याला कंपनीत नोकरी करणारा तरुण, मूळचा शिरूर कासारकडचा, मेंढपाळाच्या घरातला. त्याचे वडील दरसाल मेंढ्या घेऊन आमच्या भागात उतरतात. खतासाठी शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेतात, आणि त्या वर्षी त्यांचा तळ आमच्या गावाच्या खालच्या अंगाला पडला होता. पोरगा सुट्टीत बापाला भेटायला निघाला तो गाडी घेऊन थेट रानातच उतरला. मेंढ्या उधळल्या, कुत्री मागे लागली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाप-लेक दोघेही माझ्या दारात.

गाडी दिसायला साधी, लहान, तीन सिलिंडरची. पण तिला टर्बो होता. टर्बो म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा. या गड्याने पुण्यात कुणाकडून तरी गाडीच्या संगणकातलं गणित बदलून घेतलं होतं. हवेचा फिल्टर मोठा केला होता, सायलेन्सरही मोठा. कंपनीने जेवढी हवा ठरवून दिली होती त्यापेक्षा पुष्कळ जास्त आता आत जात होती. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की जादा हवा बाहेर पडताना फुस्स असा आवाज यायचा. त्याला त्या आवाजाचं फार कौतुक.

"शिंकती की ही," त्याचे वडील म्हणाले. मी त्यांना आबा म्हणायला लागलो होतो. "आमची एक मेंढी अशीच शिंकायची. लई औषिदं केली."

दुखणं मात्र शिंकेचं नव्हतं. सपाट रस्त्याला गाडी गुणी. चढाला जोर दिला, पंख्याने हवा कोंबायला सुरुवात केली, की इंजिन मिसिंग मारायचं. तीनपैकी एखादं सिलिंडर मध्येच पेटायचं राहायचं, गाडी हिसके द्यायची आणि समोर पिवळा दिवा लुकलुकायला लागायचा. प्लग तर महिन्यापूर्वीच नवे घातलेले. मी दोन मिनिटं ऐकत उभा राहिलो, मग प्लगांना वीज देणाऱ्या कॉइल एकमेकांच्या जागी बदलून बघितल्या. काही फरक नाही. इंजिन थंड झाल्यावर प्लग काढले. तिन्ही स्वच्छ, आणि तिन्हींची फट आठवर.

आठ म्हणजे आमच्या भाषेत मिलिमीटरचे आठ दशांश. प्लगच्या टोकाला मधली बारीक सुई आणि तिच्यावर वाकलेली पट्टी असते. त्या दोघींमधल्या फटीत ठिणगी पडते. मूळ गाडीला आठ बरोबर होतं. पण आत हवा दाबून भरली की ठिणगीला तेवढी फट ओलांडणं जड जातं. आबांनी तेवढ्यात बिडी काढली होती. वारं होतं, म्हणून दोन्ही तळव्यांचा आडोसा केला, मान खाली घातली आणि काडी अगदी जवळ नेली. मी त्यांना म्हणालो, असंच आहे बघा, वारं वाढलं की काडी जवळ न्यावी लागते.

"येवढं तर मला बी कळतंय," आबा म्हणाले. "किती जवळ, ते सांग की मिस्त्री."

घोडं तिथेच अडलं होतं. फट फार कमी केली तर ठिणगी दुबळी पडते, गाडी उभ्या जागी थरथरते. मधला आकडा नेमका हवा. गणित बदलून देणाऱ्या पुण्याच्या माणसाने "गॅप कमी करा" एवढाच निरोप पाठवला होता आणि आता फोन उचलत नव्हता. मोबाईलवर शोधलं तर एकजण बावीस म्हणत होता, दुसरा अठ्ठावीस, आणि ते सगळं इंचाच्या हजाराव्या भागांत. मी जन्मात असली गाडी उघडली नव्हती. असल्या गाड्यांत हात घातलेला एकच माणूस माझ्या ओळखीचा होता.

फोन पहिल्याच घंटीला उचलला गेला.

"हां."

"वस्ताद, मी."

मागे ट्रॅक्टरचा आवाज येत होता. मी राम राम म्हणायचंही विसरलो आणि घाईघाईने गाडीचं सगळं सांगत सुटलो, टर्बो, फिल्टर, चढ, मिसिंग.

"प्लग कितीवर हाय?"

"आठ."

"पाऊण कर," वस्ताद म्हणाले, आणि फोन बंद झाला.

मी फोनकडे बघत राहिलो. जगात एवढे आकडे असताना माणसाने नेमका तोच शब्द काढावा! चार वर्षांनी फोन केला तर टोमणा. कान तापले. परत फोन लावून विचारावं हे मनात आलं नाही असं नाही, पण परत तो शब्द ऐकायची माझी तयारी नव्हती. पाऊण तर पाऊण. माझ्याकडे फिलर आहे, म्हणजे पोलादाच्या पातळ पात्यांचा जुडगा, प्रत्येक पात्यावर जाडी कोरलेली. पाऊण मिलिमीटरचं पातं त्यात होतंच. आठावरून साडेसात, फरक केसाएवढाही नाही. त्याने काय होणार, अशी शंका आली. ती मी दाबली, कारण ती विचारायची तर वस्तादांनाच विचारावी लागली असती.

तिन्ही प्लग पाऊणवर आणले, आधी हाताने आटे धरून मग पान्याने आवळले आणि गाडी केजच्या रस्त्याला काढली. शेजारी तो तरुण, मागे आबा. पहिल्या चढाला पाय दाबला. गाडीने दम धरला, आणि मग थड, थड, थड. पिवळा दिवा लुकलुकला. आबा मागून म्हणाले, "ह्ये शिंकणं न्हाई. ह्यो खोकला हाय."

मी गाडी बाजूला घेतली. तेव्हा मला जे वाटलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मला वाटलं, वस्तादांनी मला मुद्दाम चुकीचं सांगितलं. पाऊण माणसाला पाऊण फट, जा, कर फजिती. नऊ वर्षं ज्याने हाताला धरून शिकवलं त्याने असं करावं, या विचाराने मला राग तर आलाच, पण त्याखाली काहीतरी तुटल्यासारखंही झालं. काम चुकलं असतं तर मी परत केलं असतं. हा माणूस खोटा निघाला असता तर मला येणाऱ्या सगळ्याच कामावरचा माझा भरवसा गेला असता, कारण ते सगळं त्याच्याकडूनच आलं होतं.

"तेलगावला जायचं," मी म्हणालो.

"आत्ता?" तो तरुण म्हणाला.

"आत्ता. सावकाश चालवू, चालती ती."

आबा उतरतील असं वाटलं होतं, पण ते आणखी आरामात बसले. तेलगावकडे ऊस तुटलाय, मोकळं रान दिसलं तर पुढचा तळ तिकडे टाकता येईल, असं त्यांचं म्हणणं. मेंढ्यांकडे त्यांचा भाऊ होता. त्यांनी काठी आडवी घातली, तिचं टोक खिडकीतून बाहेर काढलं आणि आम्ही केजवरून धारूरकडे निघालो.

धारूरच्या पुढे घाट लागतो. अरुंद, वळणावळणाचा, आणि त्या दिवसांत उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर खाली उतरत असतात. आम्ही अशाच एकामागे अडकलो. पुढे उसाची भिंत, बाजूला दरी, आणि गाडीत मी बडबडत होतो. सगळं सांगून टाकलं, जीप, पुढारी, पाऊण झालाय, चार वर्षं, सकाळचा फोन. त्या तरुणाने मधूनमधून "बरं" म्हणण्यापलीकडे काही केलं नाही. शहाणा मुलगा.

"प्लग आठवर हाय म्हणलावता ना तू त्येला?" आबांनी मागून विचारलं.

"हो."

"आन त्येनं पाऊण कर म्हणलं."

"हो ना आबा. पाऊण मिलिमीटर. तेच तर केलं."

"कावून? आठाचं पाऊण सहा. तू साडेसात कशाला केलंस?"

मी आरशात त्यांच्याकडे बघितलं. ते बाहेर बघत होते, कुठे मोकळं रान दिसतंय का ते. मग एखाद्या लहान मुलाला सांगावं तसं त्यांनी म्हणायला सुरुवात केली. एक पाऊण पाऊण. दोन पाऊण दीड. तीन पाऊण सव्वादोन. चार पाऊण तीन.

"ह्ये काय हो?" तो तरुण म्हणाला.

"पाऊणकी. पाढा हाय. तिसरीपस्तोर शाळंत गेलतो मी. मास्तर सकाळी उभं करून म्हणून घ्यायचे. पावकी, निमकी, पाऊणकी. आठ पाऊण सहा. चुकलं की छडी."

त्या तरुणाने मोबाईल काढून आकडेमोड केली. "दादा, मोबाईलमध्ये पण सहाच येतंय," तो हळूच म्हणाला.

पुढचा ट्रॅक्टर गोगलगायीसारखा उतरत होता आणि मला कुठेही बघायला जागा नव्हती. वस्तादांचं वय आबांएवढंच. चौथीतून शाळा सुटलेली. गॅरेजात ते असंच बोलायचे हे मला तेव्हा आठवलं. तेल किती ओतू विचारलं तर "निम्मं", आणि ते नेहमी समोरच्या डब्याचं निम्मं असायचं. स्प्रिंग किती कापू विचारलं तर "पाव", म्हणजे हातात असलेल्या स्प्रिंगचा पाव. मोजायची वस्तू त्यांच्या समोर असायची आणि ते तिच्यातलंच माप सांगायचे. मी आठ म्हणालो, त्यांनी आठाचं पाऊण सांगितलं. सरळ, नीट, एका शब्दात. मी नऊ वर्षं तिथे काढून फोनवर तो शब्द उलटा ऐकला, कारण मला तो टोमणाच ऐकायचा होता.

घाटात गाडी वळवायला जागा नाही हे बरं झालं, नाहीतर मी वळवली असती. खाली उतरल्यावर रस्ता रुंद झाला. तो तरुण म्हणाला, "दादा, सामान आहेच की सोबत. इंजिन थंड होऊ देऊ आणि इथंच सहा करू. आता तेलगावला जायची काय गरज?"

गरज नव्हती, त्याचं बरोबर होतं. पण एका पाऊणचा उलगडा झाल्यावर दुसरं डोक्यात टोचायला लागलं होतं. सकाळचं पाऊण आठाचं होतं. मग चार वर्षांपूर्वीचं कशाचं होतं? तेही मी असंच उलटं ऐकलं असेल तर? आणि बरोबर ऐकलं असेल तर, तेही एकदा कळू दे. मी म्हणालो, "पुढंच जाऊ."

वस्ताद शेडमध्ये पाटावर बसून एका फवारणी पंपाचा कार्ब्युरेटर साफ करत होते. वाळले होते. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. गाडीचा आवाज आल्यावर त्यांनी मान वर केली, पण उठले नाहीत. दोन मिनिटं ऐकलं, मग हाताने बंद कर अशी खूण केली.

"गरम हाय," ते म्हणाले. "बसा."

गरम इंजिनातून प्लग काढले तर ॲल्युमिनियमच्या हेडमधले आटे खराब होतात, हे मला त्यांनीच शिकवलेलं. म्हणजे आता तासभर थांबणं आलं. चहा आला. मी माझ्या जुन्या बाकावर बसलो. बोलले ते आबा. शिरूर कासारच्या मास्तरांचं आणि छडीचं सांगितलं, आणि वस्तादांनी ओल्या कपड्याने हात पुसत विचारलं, "पाऊणकी येतीय तुमाला? कुठपस्तोर?"

मग त्या दोघांनी सुरू केलं. पाच पाऊण पावणेचार. सहा पाऊण साडेचार. सात पाऊण सव्वापाच. आठ पाऊण सहा, इथे आबांनी माझ्याकडे बघून आवाज जरा चढवला. दोन्ही म्हातारे डोळे मिटून, एका सुरात, अकरा पाऊण सव्वाआठ, बारा पाऊण नऊ. तेराला आबा अडले. वस्तादांनी "पावणेधा" म्हणून पुढे रेटलं, आणि सोळा पाऊण बारा झाल्यावर दोघेही दमून हसले. वस्तादांना असं हसताना मी नऊ वर्षांत दोनदा-तीनदा बघितलं असेल.

इंजिन निवल्यावर मी प्लग काढून त्यांच्यासमोर फडक्यावर ठेवले. त्यांनी एक उचलून उजेडात धरला.

"कितीवर ठेवलास?"

"पाऊण."

"कशाचं?"

मी म्हणालो, "मिलिमीटरचं."

त्यांनी चष्मा काढला. "मिलिमीटर मला काय करायचाय? तू आठ म्हणलास, म्या आठाचं सांगितलं."

"मला घाटात कळलं."

"फोनवर इचारायचं व्हतं."

"तुमी ठेवला."

"मग परत लावायचा," वस्ताद म्हणाले, आणि बाभळीचा ठोकळा माझ्याकडे सरकवला. "कर."

तो ठोकळा माझ्या ओळखीचा. प्लगची फट कमी करायची तर वरची पट्टी अलगद ठोकायची, आणि ती लोखंडावर नाही, लाकडावर, म्हणजे धक्का लाकूड खातं आणि आतली सुई मोडत नाही. वर्षानुवर्षं ठोकून त्या ठोकळ्याला मधोमध खळगा पडला होता. त्यात वस्तादांचेही ठोके होते आणि माझेही. मी पहिला प्लग उभा धरून एक टिचकी दिली, पातं घालून बघितलं. अजून सैल. आणखी एक. सहाचं पातं आत सरकलं, अडलं नाही, पण हाताला हलकीशी ओढ लागली. ती ओढ कशी लागली पाहिजे हे शब्दांत सांगता येत नाही. ती मला याच बाकावर बसून कळली होती. तिन्ही झाले तसे वस्तादांनी एकेक तपासून बघितले. त्यांचा हात थोडा कापत होता, पण पातं आत गेलं की थांबायचा.

"हां," ते म्हणाले.

आता विचारलं नाही तर कधीच विचारणार नाही, हे मला माहीत होतं. आबा आणि तो तरुण बाहेर रस्त्यावर रान बघत उभे होते.

"वस्ताद, त्या जीपवाल्यांना तुमी सांगितलंवतं, पाऊण झालाय म्हणून."

"हां."

"कशाचं?"

त्यांना प्रश्नच कळला नाही. भुवया वर करून माझ्याकडे बघत राहिले. मग कळलं तशी त्यांची नजर जरा बदलली.

"माझं," ते म्हणाले. "माझ्या पाऊण झालाय म्हणलो. दुसरं माप हाय का माझ्यापाशी?"

मी ठोकळ्याकडे बघत होतो. डोळ्यांत पाणी आलं होतं, खोटं कशाला सांगू. पन्नास वर्षं काम केलेल्या माणसाने नऊ वर्षांच्या गड्याला आपल्या पाऊण म्हटलं होतं, तेही चारचौघांत, आणि मी ते कौतुक चार वर्षं शिवीसारखं वागवत होतो. ताटं सरकवत होतो.

"मग मला थांब कावून न्हाई म्हणलात?" माझा आवाज लहान मुलासारखा निघाला.

"तू शेतीचं सांगितलंस. म्या म्हणलं, पोटापुरतं आलंय ह्याला, पाव ऱ्हायलं त्याच्यासाठी कशाला थांबंल." त्यांनी चष्मा परत लावला, दोरा कानामागे नीट केला. "प्लग बसीव. हातानं धर आदी, लगीच पाना लावू नकू."

हे सांगायची गरज नव्हती. तरी मला ते ऐकायला फार बरं वाटलं.

परत निघालो तेव्हा दुपार कलली होती. आबांना तळासाठी रान सापडलं होतं, त्यामुळे ते खुशीत. घाट आता चढायचा होता. पहिल्या वळणापुढे रस्ता मोकळा मिळाला आणि मी पाय दाबला. गाडीने हवा भरली, इंजिनचा सूर चढत गेला, मी हिसक्याची वाट बघत राहिलो आणि तो आलाच नाही. रिकाम्या ट्रॉल्या घेऊन वर चाललेले दोन ट्रॅक्टर आम्ही एका दमात मागे टाकले. पुढच्या वळणाला पाय काढला, तसं फुस्स झालं.

"शिंकली," आबा म्हणाले. "खोकला गेला."

धारूरला पोचल्यावर मी गाडी कडेला घेतली आणि खाली उतरून फोन लावला.

"राम राम वस्ताद."

"राम राम. चढली?"

"चढली."

"मिसिंग?"

"न्हाई. एकदा बी न्हाई."

"हां," ते म्हणाले.

आता फोन बंद होईल म्हणून मी थांबलो. सकाळी झाला होता तसा. पण पलीकडून तोच ट्रॅक्टर ऐकू येत राहिला, कुणीतरी पत्रा ठोकत होतं, आणि वस्तादांचा श्वास. ते फोन ठेवत नव्हते. मीही ठेवला नाही. रस्त्यावरून दोन ट्रॉल्या गेल्या.

"सोमवारी काय करतुयास?" वस्तादांनी विचारलं.

सोमवारी माझ्या दारात सगळ्यात जास्त गर्दी असते, पाय ठेवायला जागा नसते.

"काईच न्हाई," मी म्हणालो.